कशेळीचा सडा, सायकलवरून

सडा, म्हणजे कोकणातलं जांभ्या दगडाचं उघडं पठार, लांबून सपाट दिसतो. गाडीतून जाताना दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत, मधे मधे काळपट तांबूस कातळ, एखादंच वाऱ्याने एका अंगाला झुकलेलं झाड आणि शेवटी समुद्राची रेघ. माझ्या पुण्यातल्या सायकलवाल्या मित्रमंडळींना फोटो दाखवले तेव्हा त्यांनी नाकं मुरडली. इथे उतारच नाही, चालवायचं काय? डोंगरावरून सुसाट खाली येणं म्हणजे माउंटन बायकिंग, अशी आपली एक समजूत झालेली आहे. सड्यावर किलोमीटरभर जायला पंधरा मिनिटं लागतात आणि त्या पंधरा मिनिटांत एकदाही नीट बसून पेडल मारायला मिळत नाही, हे फोटोत दिसत नाही.

रत्नागिरीहून पावस, पूर्णगड, मुचकुंदीच्या खाडीवरचा पूल, मग गावखडी असं दक्षिणेला येत गेलं की राजापूर तालुक्यातलं कशेळी लागतं. कनकादित्याचं देऊळ म्हणून हे गाव बऱ्याच जणांना ठाऊक असतं. माझी फेरी देवळापासून निघून देवळाशीच संपते. आधी गावातून सड्यावर, मग कातळशिल्प, तिथून पश्चिमेला देवघळीच्या वरचा कडा, कड्याच्या बाजूबाजूने उत्तरेला, एका पाखाडीने (पायऱ्यांच्या वाटेने) खाली पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, पुन्हा चढून आंब्याच्या कलमांच्या बागांतून डांबरी रस्त्याला. सगळी मिळून वीसेक किलोमीटर. यातला एक मीटरसुद्धा कोणी सायकलसाठी बांधलेला नाही. गुरांनी, गवत कापणाऱ्यांनी, देवाला जाणाऱ्यांनी आणि पावसाच्या पाण्याने पाडलेल्या या वाटा आहेत.

फेरीची वेळ समुद्राने ठरवून दिली. खालच्या पुळणीवर एका ठिकाणी कातळाचं टोक पाण्यात घुसलेलं आहे, आणि ओहोटी असेल तरच त्याला वळसा घालून पलीकडे जाता येतं. माझा मावसभाऊ पावसजवळ राहतो. त्याला विचारलं तर मोबाईलमध्ये न बघताच म्हणाला, "ताई, पंचमीला ये." किनाऱ्यावरचा हिशेब सरळ असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पंचमी म्हणजे पावणेचार, त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे पावणेदहाच्या आसपास पूर्ण ओहोटी. पुनवेला-अवसेला पाणी जास्त मागे हटतं हे खरं, पण तेव्हा ओहोटी पहाटे नाहीतर संध्याकाळी. सकाळी सातला निघून वर तीन तास घालवून खाली उतरायचं तर पंचमीच बरी. मार्गशीर्षातली पंचमी धरली. त्याआधी सड्यावर जाण्यात अर्थ नसतो. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असतं, त्यावर पाय ठरत नाही तर टायर काय ठरणार, आणि त्या दिवसांत सडा फुलांनी भरलेला असतो, त्यावरून चाक न्यायला मन धजत नाही. फेब्रुवारीनंतर ऊन सोसवत नाही. म्हणजे जेमतेम तीन महिने हाती उरतात.

सायकल साधी आहे, पुढे धक्के झेलणारा 120 मिलिमीटरचा फोर्क असलेली हार्डटेल (म्हणजे मागे सस्पेन्शन नाही), 29 इंची चाकं, 2.4 इंचाचे ट्यूबलेस टायर. सड्यासाठी खरं काम टायरमधल्या हवेचं. डांबरावर मी 30 पीएसआयच्या वर ठेवते, इथे पुढच्यात 22 आणि मागच्यात 25. हवा जास्त असली की टायर प्रत्येक खळग्यावरून उडतो आणि हातापायांची वाट लागते. फार कमी केली तर जांभ्याची धार थेट रिमला लागते. सीलंट ताजं, सोबत प्लग, एक जादा ट्यूब. करवंदीच्या काट्याची भोकं सीलंट बुजवतं, जांभ्याने टायरची बाजू कापली तर बुजवत नाही. सीट खालीवर करणारा ड्रॉपर इथे चैनीचा नाही. हातमोजे पूर्ण बोटांचे. आणि दगडाखाली हात घालायचा नाही, हे कोकणातल्या प्रत्येक पोराला शिकवलेलं असतं, कारण सड्यावरच्या सैल दगडांखाली फुरसं हा विषारी साप असतो. टेकू म्हणून दगड उचलायचा झाला तर आधी पायाने लोटायचा.

निघाले तेव्हा सूर्य नुकता वर आला होता. पश्चिमेला जाताना सकाळी एक गंमत होते, तिची तयारी मी केलेली नव्हती. ऊन पाठीवर, त्यामुळे स्वतःची सावली चाकाच्या पुढे दहा-बारा हात लांब पडते, नेमकी जिथे बघायचं तिथेच. खळगा दिसायचा तो सावलीत हरवतो. मग मी वाटेला थोडी तिरकी, नागमोडी जाऊ लागले, म्हणजे सावली बाजूला सरकते. वेळ जातो, पण दिसतं.

जांभा हा चालवायला विलक्षण दगड आहे. कोरडा असला तर त्याच्याइतकी पकड मी कुठे अनुभवलेली नाही. सह्याद्रीतला बसाल्ट घासून गुळगुळीत होतो, जांभा खरखरीतच राहतो. उभ्या चढावरही मागचं चाक घसरत नाही, ताकद असेल तर चढवतो. पण तो सगळा भोकाभोकांचा. मुठीएवढी भोकं, पायलीएवढे खळगे, त्यांच्या कडा तासलेल्या. पुढचं चाक एका खळग्यात गेलं आणि वेग नसला की सायकल तिथेच थांबते, आपण पुढे जातो. उपाय असा की वेग कमी ठेवायचा, पण शून्यावर येऊ द्यायचा नाही. पेडल पूर्ण फिरवायला जागा नसते, खाली गेलेलं पेडल दगडावर आपटतं. म्हणून अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, पुन्हा अर्धा पुढे, असं टिचक्या मारत जायचं. उभं राहायचं, गुडघे सैल, वजन पायांत, हात नुसते दिशा द्यायला. पुढचं चाक अडेल असं वाटलं की किंचित उचलून खळग्याच्या पलीकडच्या काठावर टेकवायचं, मागचं आपोआप येतं. अर्ध्या तासात मांड्या भरून येतात.

आणि मग मधेच कातळावर लाल गोळ्यांची बारीक खडी पसरलेली येते. तीच खरी दगाबाज. मोहरी सांडलेल्या फरशीवर चालावं तशी गत. त्यावर ब्रेक लावायचा नाही, वळायचं नाही, सरळ ओलांडून जायचं. वळण घ्यायचं असेल तर आधी किंवा नंतर.

गुरांच्या वाटेवर माझा फार विश्वास बसलाय. जिथे जिथे मला स्वतःची हुशारी वापरून जवळची लाइन दिसली, तिथे पुढे फट नाहीतर उभी पायरी निघाली. गुरांची वाट वळसा घालते, पण कुठेच अडत नाही. शेणाचे पो दिसले की वाट बरोबर.

कशेळीचं कातळशिल्प बघायचं तर सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर. दुपारी उभ्या उन्हात कोरीव रेषा दिसतच नाहीत. तिरप्या उन्हात प्रत्येक खाचेत सावली भरते आणि मग कातळातून हत्ती वर येतो. अठरा मीटर लांब, तेरा मीटर रुंद. शेजारी उभं राहून तो एका नजरेत मावत नाही, थोडं दूर जावं लागतं. त्याच्या देहाच्या रेषेच्या आत प्राणी, पक्षी, मासे, कितीतरी. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी वर्षानुवर्षं सडे पायाखाली घालून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारत अशी शेकडो चित्रं नोंदवली. 2022 साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातल्या ज्या जागा गेल्या त्यात कशेळी आहे, बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे, उक्षी, जांभरूण आहेत.

सायकल मी बरीच आधी उतरून आडवी टाकली आणि चालत गेले. ठाऊक असलेल्या चित्रापाशी सगळेच उतरतात, त्यात विशेष काही नाही. ठाऊक नसलेल्यांचं काय, हा प्रश्न मला त्या दिवशी पुढे बराच वेळ सतावत होता. सड्यावरची अनेक चित्रं माती-गवताखाली दबलेली सापडली आहेत. म्हणजे कोऱ्या कातळावरून मी खुशाल सायकल नेते तेव्हा खाली काय आहे हे मला कळायला मार्ग नाही. गुरांच्या मळलेल्या वाटेवरच राहायचं याला माझ्याकडे आता हेही एक कारण आहे. ब्रेक दाबून मागचं चाक फरफटवत वळवायची ज्यांना हौस आहे त्यांनी कृपा करून इथे येऊ नये.

पुढे सडा हळूहळू पश्चिमेला कलतो आणि अचानक संपतो. खाली देवघळी. दोन कड्यांच्या बेचक्यात अडकलेली लहानशी पुळण, वर उभं राहिलं की थेट पायाखाली. कनकादित्याची कथा याच किनाऱ्याची. प्रभासपाटणहून मूर्ती घेऊन दक्षिणेला निघालेल्या व्यापाऱ्याचं गलबत कशेळीसमोर अडलं, काही केल्या पुढे जाईना, म्हणून त्याने एक मूर्ती इथल्या गुहेत ठेवली आणि गलबत सुटलं. पुढे कनका नावाच्या सूर्यभक्त स्त्रीला दृष्टांत झाला आणि तिने गावकऱ्यांच्या मदतीने मूर्तीची स्थापना केली. त्या गुहेला देवाची खोली म्हणतात. सुट्टीच्या संध्याकाळी इथे सूर्यास्त बघायला गाड्यांची रांग लागते. सकाळी आठला मी आणि एक टिटवी. टिटवीला माझं येणं पसंत नव्हतं, आणि तिने ते लपवलं नाही.

कड्याच्या बाजूने उत्तरेला जाणारी वाट हा या फेरीचा गाभा. इथे सावलीची अडचण संपते. ऊन उजवीकडून येतं, प्रत्येक खळगा सावलीने रेखलेला दिसतो. पण डावीकडे समुद्र असतो. तीस-चाळीस पुरुष खाली निळं-हिरवं पाणी, फेसाची हलती कड, उत्तरेला एकामागे एक फिकट होत गेलेली डोंगरांची टोकं, मासेमारीच्या बोटी. आणि डोळे दोनच. जिथे बघावं तिथे सायकल जाते हा नियम मुलांना सायकल शिकवताना सांगतात तो इथे अक्षरशः खरा आहे. म्हणून मी ठरवून घेतलं होतं की समुद्र बघायचा तर थांबून, एक पाय जमिनीवर टेकवून. थांबत थांबत गेले. भरपूर थांबले. एकदा समुद्रगरुड माझ्या पायांच्या पातळीखालून उडत गेला. त्याची पाठ वरून दिसली, असं सहसा होत नाही.

कड्यापासून किती आत राहायचं याचं कारण दगडातच आहे. वरचा कातळ कठीण, पण त्याच्या खालचा थर मऊ, मातकट. लाटा आणि पाऊस तो मऊ थर आतून खातात, वरचा कातळ तसाच पुढे लोंबत राहतो. वरून बघणाऱ्याला तो घट्ट वाटतो, खाली आधार असतो की नाही हे तिथून कळत नाही. खालच्या खडकांत पडलेले घराएवढे तुकडे बघितले की ते कुठून आले हे सांगायला कोणी लागत नाही. सकाळचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे माणसाला कड्याच्याच दिशेने ढकलतो. जोर फार नसतो, पण अगदी हळू चाललेल्या सायकलला तो पुरतो. मी चांगली पंधरा-वीस पावलं अंतर ठेवलं, आणि जिथे गुरांची वाटच काठाला चिकटून जात होती तिथे सायकल हातात धरून चालले. काही लोक या जागी हेल्मेटवर कॅमेरा लावून काठाकाठाने चालवतात. चालवोत बापडे.

मधे एक सोडून दिलेली चिरेखाण लागली. चालू खाणींच्या जवळपास जाऊ नये, तिथे ट्रकची ये-जा, धूळ, आणि उभ्या भिंतींचे खड्डे गवताआड लपलेले. ही मात्र जुनी, तळाशी गवत वाढलेली. चिरे काढताना एकाखाली एक थर सुटत जातात, त्यामुळे एका बाजूला चिऱ्याच्या उंचीच्या पायऱ्याच पायऱ्या तयार झालेल्या होत्या. वीतभर उंचीची पायरी, दोन हात सपाट, पुन्हा पायरी. मुद्दाम बांधून घेतला असता तरी असा सरावाचा उतार मिळाला नसता. आधी चालत खाली जाऊन तळाशी काय आहे ते बघून घेतलं. मग सीट खाली, पार्श्वभाग मागच्या चाकावर, पुढचा ब्रेक एका बोटाने, आणि धडक धडक धडक करत खाली. एवढी मजा आली की पुन्हा वर ढकलत नेऊन पुन्हा उतरले. पन्नाशीकडे झुकलेल्या बाईने असं करावं का, हे विचारायला आजूबाजूला कोणी नव्हतं.

पाखाडीने तो माज उतरवला. सड्यावरून खालच्या वाडीत उतरणारी ही पायऱ्यांची वाट, जांभ्याच्या चिऱ्यांची, दोन्ही बाजूंना गडगे (दगडी कुंपणं), वर फणस-काजूची गर्द सावली. चिरे झिजून मधे खोलगट झालेले, सावलीमुळे कोपऱ्यांत अजून ओल. पायऱ्या सारख्या नसतात. एक वीतभर, दुसरी हातभर, तिसरी वळणावर तिरकी. पहिला टप्पा चालवला. वळणावर ओलं पान लागलं तसं मागचं चाक सटकन गडग्याकडे गेलं. पाय टेकवले, उतरले, सायकल खांद्यावर घेतली. खालून एक आजोबा काठी टेकत वर येत होते. त्यांनी बाजूला होऊन मला वाट दिली, वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "उचलूनच न्यायची होती, तर आणलीत कशाला हो?" मी म्हटलं, "आजोबा, थोडी चालवते, थोडी उचलते." "मग बैल बरा," म्हणाले, आणि वर चढू लागले.

वाडीत एका अंगणात पाणी भरून घेतलं. वहिनींनी विचारलं, कुठून आलीस, एकटीच काय, जेवून जाणार काय. परत फिरताना येते म्हटलं, पण वाट परतीची नव्हतीच.

पुळणीवर पोचले तेव्हा हिशेब बरोबर निघाला, पाणी मागे गेलेलं होतं. ओल्या वाळूची पट्टी घट्ट असते, टायरचा नुसता ठसा उठतो. दोन पावलं वर कोरड्या वाळूत गेलात की चाक रुतलंच. वर जायचंही नसतं. गावखडीच्या किनाऱ्यावर दरवर्षी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखली जातात, आणि हा सगळा पट्टा कासवांच्या येण्याजाण्याचा. त्यांची घरटी कोरड्या वाळूतच, भरतीच्या रेषेच्या वर. तेव्हा पाण्याच्या कडेकडेने, खेकड्यांची धावपळ बघत, त्या टोकापर्यंत. टोकाला वळसा घालताना खडकावर कालवं चिकटलेली. त्यांच्या शिंपल्यांच्या धारा ब्लेडच्या वरताण, टायरला आणि पोटऱ्यांना सारख्याच. पन्नास-साठ पावलं सायकल उचलून. तेवढ्यात एक लाट बुटांत.

परतीची चढण सांगण्यासारखी नाही. ढकलली. वर कलमांच्या बागा सुरू होतात, गडग्यांमधून बेडं (फाटक) लावलेल्या वाटा. बेडं काढायचं, आत जायचं, पुन्हा जसं होतं तसं लावायचं. उघडं राहिलं तर गुरं आत शिरतात आणि पुढच्या सायकलवाल्याला वाट बंद होते. मोहोर यायला लागला होता, वास सुटला होता. एका बागेत राखणीला असलेला नेपाळी मुलगा धावत आला, आधी संशयाने, मग टायरकडे बघून कुतूहलाने. त्याला एक चक्कर मारायला दिली. आंब्याच्या दोन ओळींमधून त्याने ती माझ्यापेक्षा सफाईने फिरवली. लहानपणापासून डोंगरात वाढलेला, त्यात नवल नाही.

साडेदहानंतर वारा पडला आणि थोड्या वेळाने उलटा फिरला. खारा वारा समुद्राकडून जमिनीकडे, म्हणजे आता पाठीवर. फेरी सकाळी लवकरच सुरू करावी असं मी म्हणते ते त्यासाठी. उशिरा निघालात तर भर उन्हात, तोंडावर वारा घेत, डोळ्यांत मीठ आणि धूळ खात सड्यावरून पश्चिमेला जावं लागेल, आणि कातळशिल्पापाशी पोचाल तेव्हा तिथे नुसता दगड दिसेल. डांबरी रस्त्याला लागल्यावर मागच्या वाऱ्याने देवळापर्यंत जवळजवळ फुकट आणून सोडलं.

फोटो बघून दोघा-तिघांनी जीपीएसचा ट्रॅक मागितला. मी दिला नाही, देणारही नाही. अर्ध्या वाटा लोकांच्या बागांतून, अंगणांतून जातात. एकटी बाई सायकल ढकलत गेली तर पाणी विचारतात. वीस जण हेल्मेट घालून ओरडत गेले तर बेड्याला कुलूप लागेल, आणि लावणाऱ्याचं काही चुकणार नाही. ज्याला करायची आहे त्याने कशेळीत एक दिवस मुक्काम करावा, वाडीत विचारावं, आधी पायी फिरून यावं. वाट सापडते.

घरी मावशीच्या विहिरीवर सायकल धुतली. खाऱ्या पाण्यात गेलेली साखळी त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, तेल लावून ठेवली नाही तर दुसऱ्या दिवशी तांबते. लाल धूळ ब्रेकच्या कॅलिपरमध्ये, फोर्कच्या सीलवर, ड्रॉपरच्या दांडीवर, सगळीकडे. फोर्कची सील ओल्या फडक्याने पुसून घेतली, पाण्याचा जोराचा मारा मुद्दाम केला नाही, नाहीतर धूळ आत ढकलली जाते. मागच्या टायरच्या बाजूला बोटाच्या पेराएवढा काप होता, हवा धरून होता, पण आतले धागे दिसायला लागले होते. मावसभाऊ वर बसून बघत होता. "अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला," म्हणाला, "तेव्हा नको. पुढच्या पंचमीला मी पण येतो." त्याच्याकडे सायकल नाही. माझी जुनी 26 इंची पुण्यात गॅलरीत पडून आहे, तिला नवे टायर लागतील.